अर्ध्या तासाचे ५००, म्हणून महिन्याचे दोन लाख?

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक हिशेब फिरतोय: इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासाचे ५०० घेतो, म्हणजे तासाला १,०००, दिवसाचे आठ तास, महिन्याचे २६ दिवस, झाले २ लाख ८ हजार. वर टॅक्सही नाही. मी परळ-प्रभादेवीकडे वायरिंगची कामं करतो. मला हा मेसेज माझ्याच एका गिऱ्हाइकाने पाठवला, म्हणून उत्तर देतोय.

आठ तास आले कुठून? परवाचा मंगळवार सांगतो. सातला नालासोपाऱ्याहून निघालो. सोबत ड्रिल मशीन आणि अवजारांची बॅग, साध्या डब्यात शिरणं शक्यच नाही. लगेजच्या डब्यात जागा मिळेपर्यंत दोन गाड्या सोडल्या. टॉवरच्या गेटवर नोंद, फोटो, वरून फोन उचलेपर्यंत थांबणं, मग सर्व्हिस लिफ्टची रांग. गीझरचा सोळा अँपिअरचा सॉकेट काळा पडला होता, न्यूट्रलचा स्क्रू ढिला. वायरचं जळकं टोक कापलं, नवा सॉकेट बसवला, मीटर लावून तपासलं. काम पस्तीस मिनिटांचं, पण गेटमधून आत शिरून बाहेर पडेपर्यंत दीड तास गेला. संध्याकाळपर्यंत अशी चार घरं झाली. त्यातलं एक मागच्या आठवड्याचं, एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, परत ट्रिप होत होता. माझ्या कामात खोट निघाली तर मी पैसे घेत नाही. हातात आले १,५००. त्यातून हेल्परची हजेरी ७००. मोठं वायरिंग मिळालं की बरे पैसे सुटतात, पण तशी कामं रोज नसतात.

सामानाच्या किमतीवर मी वीस-तीस रुपये जास्त लावतो, हे मात्र कबूल. पदरचे पैसे घालून लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारातून माल मीच आणून ठेवतो, म्हणून तुमचं काम एका फेरीत होतं.

‘टॅक्स नाही’ हे साफ चूक. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण ड्रिल मशीन, क्लॅम्प मीटर घेताना १८ टक्के जीएसटी मी भरतोच, आणि नोंदणी नसल्यामुळे त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो भरलेला कर वळता होत नाही. तो भार त्या ५०० वरच पडतो.

राहिले २६ दिवस. पावसाळ्यात वसई-नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी भरलं की परळ गाठणार कसं? त्या दिवशी माझी कमाई शून्य. हेल्परला तरी निम्मी हजेरी देतो, कारण तो बिचारा सकाळीच स्टेशनवर येऊन थांबलेला असतो.