नांगर वजनावर धरत नाही हो

सध्या एक मेसेज फिरतोय की शिडाच्या बोटीला नांगर जितका जड तितका सेफ, आणि पाण्याच्या खोलीच्या तिप्पट साखळी सोडली की बास. दोन्ही अर्धवट.

मराठीत अँकरला नांगर म्हणतात ते उगाच नाही, फाळ जमिनीत घुसला तरच पकड. 1933 साली जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने (स्वतः शिडाची बोट चालवायचा) सीक्यूआर नावाचा बोटीचा नांगर काढला तो शेतातल्या नांगरासारखाच, त्याच्यापेक्षा कितीतरी जड नांगराइतकी पकड देणारा. अर्थात अगदीच हलका नांगर पाण्याखालच्या गवतात घुसत नाही, तिथे वजन लागतंच.

आता साखळी. खोली समुद्राच्या तळापासून बोटीच्या नाकापर्यंत मोजायची आणि भरतीची. ओहोटीला 5 मीटर पाणी, नाक 1 मीटर वर, मुंबईसारखी उधाणाची भरती धरली तर वर अजून 4, झाले 10, म्हणजे खोलीच्या पाचपट धरून 50 मीटर साखळी, आणि तुम्ही 15 सोडून झोपलात तर ओढ वरच्या दिशेने बसून नांगर उपटलाच समजा.

नांगर टाकल्यावर हळूहळू रिव्हर्स घ्या, साखळीवर हात (किंवा पाय) ठेवा. खडखड थरथरली तर घसरतोय, उचला आणि परत टाका, कंटाळा येतो पण टाकाच.