पाट्या नसलेलं म्युझियम

नवरा ऑफिसच्या कामात, त्यामुळे मेक्सिको सिटी सासूबाईंना दाखवायचं काम माझ्याकडे. चित्रकार फ्रीडा काहलोच्या निळ्या घराची तिकिटं बुक करायची मी विसरले (हो, मीच), म्हणून तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे चित्रकारच असलेल्या दिएगो रिवेराच्या म्युझियमला निघालो. आनावाकायी. हे नाव मी तीन वेळा तीन प्रकारे म्हटलं, शेवटी टॅक्सीवाल्याला मोबाईलच दाखवला.

काळ्या लाव्हाच्या दगडाचं, जुन्या पिरॅमिडसारखं दिसणारं अवाढव्य प्रकरण. रिवेराने आयुष्यभर मातीच्या नि दगडाच्या जुन्या मूर्ती जमवल्या, ५०,००० च्या वर, स्पॅनिश लोक यायच्या आधीच्या, आणि त्या ठेवायला हे बांधायला घेतलं. १९५७ ला तो गेला, म्युझियम उघडलं १९६४ ला. बायको काय म्हणत असेल हो घरात? आमच्याकडे दोन जास्तीचे डबे आणले तरी महाभारत होतं.

तळमजला म्हणजे पाताळ, मुद्दाम अंधारा ठेवलाय. आणि मूर्तींखाली पाट्या जवळपास नाहीतच! आम्ही पुण्याचे, पाटीशिवाय आम्हाला दारसुद्धा ओळखू येत नाही. त्यात सासूबाई प्रत्येक कपाटापाशी, "हे काय गं?" पहिली दहा मी गुगलवर शोधली, मग रेंज गेली आणि मी सरळ ठोकायला लागले. हा पुजारी. हा पण पुजारी. ही त्याची बायको असेल. गोल डोळ्यांचा त्लालोक, पावसाचा देव, तेवढा मला खरंच माहीत होता, तर त्याला बघून त्या म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर बराच दिसतोय."

मग पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमाचं मातीचं कुत्रं आलं, गुबगुबीत, लाडावलेलं. मी म्हटलं, "राखणीचं, आई."

त्यांचा माझ्यावरचा विश्वास एव्हाना उडाला होता. त्यांनी तिथल्या गार्डला गाठलं, त्या मराठीत, तो स्पॅनिशमध्ये, दहा मिनिटं हातवारे. परत आल्या त्या विजयी चेहऱ्याने. "मेलेल्या माणसाला नदीपार नेतं ते. आपल्या धर्मराजाच्या मागे गेलं होतं ना, तसलंच. राखणीचं म्हणे!" नंतर मी चेक केलं, बरोबर होतं.

वरच्या मजल्यावर मोठ्या खिडकीचा स्टुडिओ, भरपूर उजेड, भित्तिचित्रांची प्रचंड कच्ची रेखाटनं, त्याच्याही वर गच्ची. मी २,२४० मीटर उंचीवरच्या हवेत धापा टाकत पोचले तर सासूबाई आधीच कठड्याला टेकून.

बाहेर टॅक्सीची वाट बघताना एक खरंखुरं भटकं कुत्रं आमच्या मागे लागलं. मी हाकलणार तोच सासूबाईंनी पर्समधला खाकरा काढून त्याला घातला.

"असू दे गं. ओळख ठेवलेली बरी."