यादीत नसलेली कारणं

धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, 'आमच्या श्रद्धेत कायद्याने नाक खुपसायचं नाही.' दुसरं, 'देशापुढे कसला धर्म?' मला दोन्ही पटत नाहीत, पण दुसऱ्याची धास्ती जरा जास्त वाटते.

नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ चा. त्यातलं कलम १८ सवडीने वाचण्यासारखं आहे. मनात काय मानायचं आणि काय सोडून द्यायचं, यावर तिथे कसलंही बंधन नाही. बंधन घालता येतं ते आचरणावर. तेही कायदा करून, गरजेपुरतं आणि मोजक्या कारणांसाठी: सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता, इतरांचे मूलभूत हक्क. संपली यादी. 'राष्ट्रीय सुरक्षा' तिच्यात नाही. लिहायची राहून गेली असंही नाही, कारण त्याच करारात अभिव्यक्तीच्या आणि संघटनेच्या कलमांत ती आहे. बहुसंख्यांच्या दुखावलेल्या भावना तर कुठेच नाहीत. आणीबाणी लागली तरी हे कलम गुंडाळून ठेवता येत नाही.

मर्यादाच नकोत म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मोठ्या माणसाने श्रद्धेपोटी रक्त घ्यायला नकार दिला, तर मला वाईट वाटेल, पण मी मध्ये पडणार नाही. पण रक्ताअभावी एखादं लहान मूल मरणाच्या दारात असेल, तर कोर्टाने मध्ये पडलंच पाहिजे. आईबापांना स्वतः हुतात्मा व्हायचं असेल तर व्हावं, पोरांना तसं करता येणार नाही, अशा अर्थाचं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्येच म्हटलं होतं.

अवघड प्रश्न असतो तो 'किती' याचा. कॅनडात २००१ मध्ये एका शीख मुलाचं कृपाण शाळेच्या आवारात चुकून खाली पडलं. कृपाण कपड्यांच्या आत बंद ठेवायचं, अशी तडजोड घरच्यांनी मान्य केली, तरी शाळेच्या मंडळाने ते आणायलाच मनाई केली. प्रकरण कोर्टात गेलं. तिथे अटी ठरल्या: म्यान लाकडी हवं, म्यानासकट कृपाण जाड कापडात गुंडाळून शिवायचं, ते कापड पट्ट्याला शिवायचं आणि हे सगळं कपड्यांच्या आत. या अटींवर ते घालू द्यायला २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हिरवा कंदील दाखवला. शंभर वर्षांत तिथल्या शाळांत कृपाणाने हिंसा झाल्याची एकही नोंद नव्हती, आणि शाळेत कात्र्या अन् बेसबॉलच्या बॅटी तर असतातच, हेही न्यायाधीशांनी पाहिलं. सुईदोऱ्याने भागत असेल तर बंदी कशाला? मला ही पद्धत आवडते.

उलट उदाहरण फ्रान्सचं. सार्वजनिक जागी चेहरा झाकायला, म्हणजे नकाबालाही, बंदी करणारा कायदा २०१० चा. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केलं की सुरक्षिततेसाठी सरसकट बंदी जास्त होते. मग 'एकत्र नांदणं' हे कारण पुढे आलं, ते 'इतरांचे हक्क' या खात्यात बसवलं गेलं आणि बंदी टिकली. इतक्या सैल खात्यात उद्या काहीही बसेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीला २०१८ मध्ये हे पटलं नाही. बंदीपायी दंड झालेल्या दोन स्त्रियांच्या हक्कांचा भंग झाला, असं तिने ठरवलं. कायदा हलला नाही. २०२० मध्ये साथ आली, त्याच देशात मास्क सक्तीचा झाला आणि नकाबावरची बंदी जशीच्या तशी राहिली.