मत दिले म्हणजे काम संपले?

निवडणुकीचा निकाल लागला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: मत दिले, नागरिकाचे काम संपले, ज्यांना कायदा कळत नाही त्यांच्या चर्चेने अडथळाच येतो, प्रतिनिधींना मोकळेपणाने काम करू द्या, हिशेब पाच वर्षांनी.

मतानेच सगळे सांगून होते, हे खरे नाही. मतदार एक बटण दाबतो. ते रस्त्यासाठी दाबले, जातीसाठी दाबले की दुसऱ्या उमेदवारावरच्या रागापोटी, याची नोंद कोठेही होत नाही.

कायदा न कळण्याचा आक्षेप तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने केव्हाच निकालात काढला आहे. तेथे अभ्यासगटात विषयाची उलटतपासणी होते आणि ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात (गावकऱ्यांना गोळा करून विकता येणाऱ्या, लाकडाव्यतिरिक्तच्या वनउत्पादनात) धरला होता, म्हणजे लोकप्रतिनिधींनी आपले काम केले होते. तरीही वनखाते जुन्या कायद्याकडे बोट दाखवून त्याला झाडच समजत राहिले. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या या गावाने हा मुद्दा लावून धरला आणि 2011 मध्ये बांबू विक्रीसाठी बाहेर नेण्याच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. संसदेने केलेला कायदा येथे जमिनीवर उतरला तो गावाने वाचला, त्यावर वाद घातला आणि तो सोडला नाही म्हणून.

राहिला प्रतिनिधींच्या मोकळेपणाचा प्रश्न. 1985 च्या पक्षांतरबंदी दुरुस्तीनंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या आमदार-खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. तो बांधलेला आहेच, फक्त मतदारांशी नव्हे. अशा वेळी मतदारसंघातील चर्चा हाच त्याच्यावरचा, आणि त्याच्यामार्फत पक्षावरचा, दुसऱ्या बाजूचा दाब असतो.

चर्चेत चार दांडगे आवाजच ऐकू येतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. म्हणूनच महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद झाली. ती किती ठिकाणी केवळ सह्यांपुरती उरते, हे गावोगावी ठाऊक आहे. गणपूर्तीअभावी, म्हणजे किमान उपस्थिती नाही म्हणून, ग्रामसभा तहकूब करायची आणि गणपूर्तीची अट नसलेल्या पुढच्या सभेत मोजक्या माणसांनी ठराव उरकायचे, हीही वाट रुळलेली आहे. मतदारांनी बोलू नये असे सांगणाऱ्यांना हीच सभा सोयीची असते.