उन्हाला दिशा नसते

पॉइंट-अँड-क्लिक अ‍ॅडव्हेंचर गेम, म्हणजे चित्रातल्या वस्तूंवर माउसने क्लिक करत कोडी सोडवायचा खेळ, काढायचं तुमचं ठरलं, फार छान झालं. गोष्ट तयार आहे: इतवारीतल्या एका जुन्या वाड्याची किल्ली हरवली आहे, नायकाला चष्मा आहे, कोडी सतरा आहेत. आता उरलं काय, तर बॅकग्राउंड. 320 बाय 200 चा पडदा, म्हणजे उणेपुरे 64,000 ठिपके (पिक्सेल). संत्री सोलत सोलत एका रविवारी होऊन जाईल.

पहिलं पथ्य: उजेड कुठून येतोय ते ठरवू नका. ठरवलं की कटकट सुरू. मग खांबाची डावी बाजू उजळ करा, उजवी गडद करा, जमिनीवर सावली त्याच हिशेबाने पाडा, आणि शेजारच्या पायरीनेही तेच ऐकायला हवं. सांगितलंय कोणी? आपण नागपूरकर. मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीवर उभं राहून बघा. ऊन वरून येतं, डांबरातून उलटं वर येतं, समोरच्या गाडीच्या काचेतून येतं, टिनाच्या शेडवरून येतं. उन्हाला दिशा असते, हे पुण्याच्या हवेत सुचणारं आहे.

शिवाय भूगोल तुमच्या बाजूने आहे. नागपूर 21 अंशांच्या जरा वर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यात, सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली क्षणभर त्याच्याच पायाखाली गुडूप होते. (जुलैतली ढगांमुळे बहुधा बघायलाच मिळत नाही, ते सोडा.) तुमचा गेम त्याच दिवशी, त्याच मिनिटाला घडतो असं म्हणायचं. उरलेल्या 363 दिवसांबद्दल कोणी विचारलं, तर ते दुसऱ्या भागात येतील.

दिशा नसली की शेडिंग सोपं. वस्तूची कड गडद, आत थोडं फिकं, मधोमध पांढरट. झाडाला तेच, दगडाला तेच, गाईलाही तेच. याला पिलो शेडिंग म्हणतात, आणि हे नाव उगाच पडलेलं नाही. मी झीरो माइलचा वाळूदगडाचा खांब आणि त्याचे चार घोडे याच पद्धतीने काढले होते. आईने मागून डोकावून बघितलं आणि म्हणाली, “गाद्या-उशा वाळत घातल्या का रे? उचल लवकर, आभाळ येऊन राहिलं.”

रंगांचं तर विचारूच नका. सावली हवी तर मूळ रंगात काळा ओता, उजेड हवा तर पांढरा. काही शहाणे सांगतात की उन्हातला रंग पिवळ्याकडे झुकवा आणि सावलीतला निळ्या-जांभळ्याकडे, कारण सावलीत सूर्य पोचत नसला तरी आकाशाचा उजेड पोचतोच. असेल बाप्पा. पण हे पडताळायचं तर संध्याकाळी फुटाळ्यावर जाऊन, हातातलं कणीस गार होऊ देऊन, लोकांच्या कंपाउंडच्या भिंती बघत बसावं लागतं. त्यापेक्षा काळा बरा. पडवी कोळशाच्या वखारीसारखी दिसली तर त्याला ‘मूड’ म्हणतात.

आता डिदरिंग, म्हणजे दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून टाकून तिसऱ्या रंगाचा भास करणं. 1990 च्या ‘लूम’ या गेमची बॅकग्राउंडं मार्क फेरारी यांनी ईजीएच्या, म्हणजे तेव्हाच्या संगणकांतल्या एका ग्राफिक्स पद्धतीच्या, अवघ्या 16 रंगांत अशीच काढली. रंगच नव्हते तर करणार काय, आणि तेव्हाच्या काचेच्या मॉनिटरवर शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत थोडे विरघळायचेही. तुमच्याकडे 1 कोटी 67 लाखांच्या वर रंग आहेत आणि स्क्रीन अशी की ठिपका न् ठिपका मोजून घ्या. म्हणूनच डिदरिंग सढळ हाताने करा. आभाळाला करा, शेणाने सारवलेल्या अंगणाला करा, नायकाच्या गालालाही करा. सगळ्या नागपुरावर चटई अंथरल्यासारखं वाटेल, आणि उन्हाळ्यात ते अगदीच चुकीचं नाही.

टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचा पोत, ही मात्र खरी मेहनत, तिथे हयगय नको. भिंत विटांची असेल तर वीट न् वीट काढा. आळशी लोक काय करतात, जिथे उजेड संपून सावली सुरू होते तिथे पाच-सहा विटांच्या कडा दाखवतात आणि बाकीची भिंत सपाट सोडून देतात. बघणाऱ्याचा डोळा उरलेल्या विटा आपल्या आपण रचतो म्हणे. गवंडीकाम फुकटात! तुम्ही असली फसवणूक करू नका. चारशे विटा, सगळ्या सारख्याच ठळक, वर नॉइज फिल्टरची, म्हणजे चित्रावर आपोआप बारीक ठिपके विखुरणाऱ्या सोयीची, मूठभर रेती. मग त्यावर कंदिलाचा प्रकाश म्हणून मऊ ब्रशचा गुळगुळीत गोळा टाका. ठिपके ज्वारीएवढे आणि उजेड लोण्यासारखा, असं कॉम्बिनेशन सावजीतही मिळत नाही.

उजेडाने खेळणाऱ्याला वाट दाखवायची, हीही एक खुळी कल्पना आहे. दरवाजापाशी जरा उजळ ठेवा, कामाच्या वस्तूच्या आसपास शांत जागा ठेवा, वगैरे. म्हणजे उत्तरपत्रिका वाटल्यासारखंच की. तुम्ही पडद्यावरचा सर्वांत लख्ख प्रकाश पानठेल्याच्या ट्यूबलाइटला द्या, ज्याच्याशी कथेचा काडीचा संबंध नाही. आणि असे गेम बनवायचं अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ हे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्यात पडद्याच्या एखाद्या भागात गेलेलं पात्र किती अंधारं दिसावं ते ठरवायची सोय आहे. तिला हात लावू नका. नायक काळ्याकुट्ट गोदामात शिरला तरी रोषणाई केलेल्या मंडपासारखा झगमगला पाहिजे. शेवटी नायक आहे तो.

माझा इतवारीचा सीन या सगळ्या नियमांनी बनला आहे. मागच्या आठवड्यात भाच्याला खेळायला बसवलं. चाळीस मिनिटं तो भिंतीवर क्लिक करत होता. शेवटी म्हणाला, “मामा, किल्ली ठेवली का नाही तुम्ही?”

ठेवली होती, शप्पथ. मी फाइल उघडून आकडे काढले: आडवे 211, उभे 134. त्याच्याच हाताने माउस नेऊन तिथे थांबवला. दोघांनी डोळे बारीक करून बघितलं.

वीट होती.