आउटबोर्डच्या पायात क्लच प्लेट असते कुठे?

ठाणे खाडीकाठच्या ग्रुपांवर आउटबोर्डबद्दल, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाबद्दल, एक मेसेज फिरतोय. दिवाळे गावाहून निघाला, सारसोळे-ऐरोली करत माझ्याकडे तीनदा येऊन गेला. म्हणतो: "आउटबोर्ड ओरडतंय पण होडी पळत नाही, म्हणजे गिअरचा क्लच घासला. खालचा पाय पूर्ण बदला. तोवर पेट्रोलमध्ये ऑइल वाढवा, मोठा पंखा लावा, जोर येईल. जीपीएसवर वेग उतरला की मशीन थकलं समजा."

आधी क्लच. मोटरसायकलमध्ये प्लेटा असतात, त्या घासतात आणि घसरतात. आउटबोर्डच्या पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या, पंखा (प्रोपेलर) बसवलेल्या खालच्या भागात, डॉग क्लच असतो, म्हणजे दातात दात अडकवायचा प्रकार. दात झिजले तर गिअर खाडकन सुटतो, परत अडकतो, आख्ख्या होडीला हिसके बसतात. गुपचूप, गुळगुळीत घसरणं त्याला जमतच नाही. होडीच्या आत बसवलेल्या डिझेल इंजिनाच्या गिअरबॉक्समध्ये बऱ्याचदा प्लेटा असतात, तिथे हा संशय रास्त आहे. पण मेसेज आउटबोर्डबद्दल बोलतोय.

मग घसरतं काय? बऱ्याचदा पंख्याच्या पोटातलं रबर. पंखा आणि शाफ्ट यांच्या मधे रबरी बुश दाबून बसवलेला असतो, ओंडक्यावर पंखा आपटला तर धक्का त्याने खावा आणि गिअर वाचावेत म्हणून. तो सुटला की हळू चालवताना काही कळत नाही. मूठ पिळली की आरपीएम वर आणि होडी तिथेच.

माझं नेमकं हेच झालं होतं, आणि मेकॅनिकने पायाच बदलायचा हिशोब मांडला होता. मी घरातली लाल नेलपॉलिश घेतली. इंजिन बंद, किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली, प्लगच्या टोप्याही काढलेल्या (पंख्याजवळ हात घालताना यात आळस नको). शाफ्टच्या नटापासून मधली नळी आणि रबर ओलांडून पंख्याच्या धातूपर्यंत एक सरळ रेघ मारली. वाळल्यावर टोप्या बसवून जेट्टीपासून एक चक्कर. परत येऊन बघतो तर रेघेचे दोन तुकडे, बाहेरचा तुकडा बोटभर सरकलेला. बुश बदलला. पाय अजून तोच आहे.

पंखा हवा खात असेल तरी लक्षण असंच दिसतं. पायावर, पंख्याच्या वरच्या बाजूला असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी. मशीन उंच बसवलं की वरून हवा ओढली जाते. पायाला अडकलेली प्लास्टिकची पिशवीही तेच करते, आणि आपल्या खाडीत पिशव्यांना तोटा नाही.

ऑइल वाढवायचा सल्ला तर उलटाच. बऱ्याच दोन-स्ट्रोक मशीनना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली लागतं. आपल्या मशीनचं पुस्तक काय म्हणतं ते बघा. नवं मशीन रुळेपर्यंत जास्त घालतात, बहुधा तिथूनच ही समजूत आली. जास्त ऑइलने प्लग काळे पडतात, काजळी धरते आणि असलेला जोरही जातो.

आरपीएमच चढत नसेल तर वाट वेगळी. टॅको (आरपीएम दाखवणारा काटा) नसला तरी कानाला कळतं. दहा मिनिटं छान चालून मग दम तोडत असेल तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. बंद राहिला की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल येत नाही. सोबत्याला सुकाणूवर बसवून नळीवरचा रबरी फुगा दाबा. दाबताना जोर परत आला तर दोष पेट्रोलच्या बाजूला, बहुतेक पंपात. फुगाच चपटा पडला असेल तर अडथळा त्याच्या मागे, टाकीकडे.

अशा मशीनला मोठा पंखा म्हणजे धापा टाकणाऱ्याच्या डोक्यावर पोतं. पूर्ण थ्रॉटलला ४० एचपीची बरीच दोन-स्ट्रोक मशीनं ४५०० ते ५५०० आरपीएमवर फिरायला हवीत. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, एक इंच वाढवला की साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतात. आधीच ४२०० वर अडकलेल्याला आणखी खाली ढकलून काय मिळणार? त्यापेक्षा होडी वर काढून तळ खरवडा. शेवाळ आणि कालवं धरलेला तळ किती जोर खातो, ते खरवडल्यावर पहिल्याच फेरीत कळतं.

राहिला जीपीएस. तो जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतो, पाण्याच्या नाही. मागच्या उधाणाला ओहोटी लागल्यावर ऐरोलीहून वाशीच्या पुलाकडे जाताना मला १३ नॉट दिसले. तिथूनच वळून त्याच थ्रॉटलवर परत येताना ९. म्हणजे मशीन ११ चं, आणि दोन नॉट खाडीचे.