खुलासा: चिंपांझीचं रक्त माणसाला चालत नाही

"चिंपांझी आणि माणसाचं हिमोग्लोबिन शंभर टक्के सारखं, म्हणून चिंपांझीचं रक्त माणसाला चढवता येतं" असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. त्याचा पहिला भाग खरा आहे, म्हणूनच तो चटकन पटतो.

हिमोग्लोबिन हे साखळ्यांचं बनलेलं प्रथिन. त्यातल्या बीटा नावाच्या साखळीत 146 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, असतात. युनिप्रोट या सर्वांना खुल्या असलेल्या प्रथिनांच्या ऑनलाइन संग्रहात दोघांच्या साखळ्या शेजारी ठेवून पाहा, एकही फरक सापडणार नाही. गोरिलात 1 फरक, ऱ्हीसस माकडात 8, कोंबडीत 45. नातं लांबचं तसे फरक वाढत जातात. 1960च्या दशकात झुकरकांडल आणि पॉलिंग या शास्त्रज्ञांनी याच हिशोबावरून प्राण्यांच्या वाटा कधी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधला. (फार सुंदर काम, पण त्याचा रक्तपेढीशी संबंध नाही.)

कारण हिमोग्लोबिन असतं तांबड्या पेशीच्या आत, आणि रक्त जुळतं की नाही हे ठरतं मुख्यतः पेशीच्या पृष्ठभागावरून. चिंपांझीच्या पेशींवर एका प्रकारचं सायलिक आम्ल (पेशीच्या पृष्ठभागावरची एक साखर) असतं, जे माणसाचं शरीर बनवतच नाही. उलट आपल्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. माणसांतलंच घ्या ना. 1952 साली मुंबईत प्रथम नोंदलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या व्यक्तीला ओ गटाचंही रक्त चालत नाही. हिमोग्लोबिन तर दोघांचं तेच!

हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.